ता चेडू

आमच्या शेजारच्या घरात दिवसातून तीनदा दार आपटतं. सकाळी एकदा, डोक्याला तेल लावण्यावरून. संध्याकाळी एकदा, ‘खंय गेला होता ता?’ या प्रश्नावरून. आणि रात्री एकदा, कशावरूनही. जून उजाडला की हा आवाज बंद होतो. पोरीला शहाणपण सुचतं म्हणून नव्हे. पावसात फणसाचं लाकूड फुगतं आणि दार चौकटीत रुतून बसतं. मग ती तणतणत आत जाते, दार लोटते, दार अर्ध्यावर थांबतं, आणि आतून हाक येते, ‘बाबानू, वायच दार ओढा.’ बापूस हातातला पेपर ठेवून उठतो, कडीला धरून दोन हिसके देतो, दार बंद होतं, आणि आत ती पुन्हा रागावून बसते. पावसाळाभर आमच्याकडे बंड हे असं घरच्यांच्या हातभाराने चालतं.

हे आमचं शेजारचं चेडू. सोळा सरून सतरावं लागलेलं. नाव सांगत नाही. सांगितलं तर ती माझ्याशी बोलायची बंद होईल, आणि तिच्याशिवाय मला या वाडीत बातम्या सांगणारं दुसरं कोणी नाही. शिवाय नावाची गरजही नाही. मालवण, वेंगुर्ला, देवगड, हर्णै, श्रीवर्धन, जिथे जिथे बंदर आणि देऊळ एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत, तिथे वाडीत असं एक असतंच. आमच्या वाट्याला हे आलं.

मालवणीत मुलगा जन्मल्या क्षणापासून ‘तो’ असतो. झील इलो, झील गेलो, झील जेवलो. मुलगी मात्र ‘ता’. चेडू इला, चेडू गेला, चेडू जेवला. बोहल्यावरून उतरली की तिची ‘ती’ होते. म्हणजे आमच्याकडे स्त्रीलिंग मंगळसूत्राबरोबर मिळतं. पिढ्यान्‌पिढ्या यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही, पस्तीस वर्षं मुंबईत नोकरी करून परत आलो तरी माझ्या तोंडातून ‘ता’च येतं, आणि ते मायेनेच येतं. पण ही आठवीत असताना व्याकरणाच्या तासाला हिच्या डोक्यात काय प्रकाश पडला कोण जाणे, दप्तर पाठीवर तसंच ठेवून ती आजीपुढे उभी राहिली.

‘आजये, चूल ती. म्हस ती. कोपऱ्यातली वाडवण ती. आणि मी ता?’

वाडवण म्हणजे केरसुणी. आजी कुळीथ निवडत होती. तिने मानही वर केली नाही.

‘लगीन झाला की तू ती. तवसर ता.’

‘पण कित्याक?’

हा ‘कित्याक’ म्हणजे त्या पोरीची खूण. बाकीची मुलं बोलायला लागताना आधी आई म्हणतात, हिने आधी ‘कित्याक’ म्हटलं असावं असा वाडीचा समज आहे. तिचे ‘कित्याक’ तीन. पहिला खालच्या पट्टीतला, खरोखरच कारण हवं असतं तेव्हाचा. दुसरा लांबवलेला, ‘कित्याऽऽक’, म्हणजे कारण तिला माहीत आहे आणि ते पटलेलं नाही. तिसरा तुटका, शेवटचा ‘क’ दातांत चिरडलेला. तो ऐकू आला की दाराच्या आसपास उभं राहू नये.

घर तसं साधंसरळ. बापसाचं बाजारपेठेत दुकान आहे. घरात वाद सुरू झाला की तो हळूच चपला घालतो आणि ‘नारळ मोजूचे आसत’ म्हणून दुकानात जातो. इतके नारळ इतक्या वेळा सबंध तालुक्यात कोणी मोजले नसतील. आवशीचं राजकारण वेगळं. ती सासूसमोर मुलीला दटावते आणि मुलीसमोर सासूबद्दल काहीच बोलत नाही. त्या न बोलण्यातून मुलीने काय ते समजून घ्यायचं असतं. आणि आजी. आजीबद्दल मी एकदम सांगत नाही, ती सावकाश येईल.

गाव म्हणाल तर मालवण. इथे पोलीस चौकी आहे, पण तिची फारशी गरज पडत नाही. भरडावर पोरीने आइस्क्रीमचा कोन घेतला तर तो वितळायच्या आत घरी कळतं कुठल्या रंगाचा होता. औषधाच्या दुकानातले काका बघतात, शिंपी बघतो, एसटीच्या थांब्यावरची माणसं तर गाडीपेक्षा पोरींचीच वाट बघत असल्यासारखी बघतात. मासळीवाली पाटी उतरवता उतरवता अंगणात सांगून जाते, ‘तुमचा चेडू बंदरार दिसला.’ यात वाईट हेतू कोणाचा नसतो. बांगड्याच्या भावाबरोबर गजालीत एवढं तरी द्यायला नको? पण दिसणं आणि दिसलं असं सांगणं यांत हिचं सगळं बालपण गेलं. एकदा मला म्हणाली, ‘काकानू, ह्या गावात सीसीटीव्ही लावतत तो पैसो फुकट.’

मी शेजारी. माझ्या घराच्या मागे मांगर आहे. त्यात एके काळी शेणी, नारळाची सोडणं आणि मोडका नांगर होता. आता त्यात एक गोणपाटाची पिशवी आहे आणि पिशवीत एक जीन्स. ही जीन्स पणजीहून आली. तिची मामेबहीण घेऊन आली आणि निघताना विसरून गेली, असं अधिकृतरीत्या सांगण्यात येतं. शाळा, क्लास, मैत्रिणीचा वाढदिवस अशा कुठल्याही कारणाने ती पंजाबी ड्रेसमध्ये घरातून निघते, गडग्यावरून उडी मारून माझ्या मांगरात शिरते आणि पाच मिनिटांनी दुसरीच कोणीतरी बाहेर येते. मी अंगणात पेपर वाचत असतो. तिने मला कधी ‘सांगू नका’ म्हटलेलं नाही. मला ते फार लागलं. एवढा मी बिनभरवशाचा वाटत नाही हे बरं, पण एवढा निरुपद्रवी वाटतो?

आता ‘लोक काय म्हणतले’ या गोष्टीकडे येतो, कारण ते या घराचं ब्रीदवाक्य आहे. तिला केस कापायचे होते. कमरेपर्यंतची वेणी, जाड, खोबरेल तेलात मुरलेली. आजी म्हणाली, ‘लोक काय म्हणतले?’ कुठल्याही दुसऱ्या मुलीने यावर दार आपटलं असतं. ते महिने पावसाचे असल्यामुळे असेल, हिने दुसरा मार्ग धरला. ती वही-पेन घेऊन लोकांना विचारायला निघाली.

पहिल्या घरी तिला चहा मिळाला आणि केसांचा विषय निघायच्या आत बारावीनंतर काय करणार यावर अर्धा तास गेला. दुसऱ्या घरी म्हणाले, ‘आमका काय करूचा आसा?’ तिसऱ्या घरच्या काकूंनी कोण कापणार, किती घेणार, आणि आपले कापले तर गाल बारीक दिसतील का, असे तीन प्रश्न उलट विचारले. चौथं घर माझं. मी म्हटलं, ‘बघ बाबा.’ हे उत्तर तिने वहीत ‘तटस्थ’ या शब्दात नोंदवलं. मग घरी जाऊन आजीला वाचून दाखवलं आणि शेवटी म्हणाली, ‘लोक काय्येक म्हणणत नाय.’

दुसऱ्या दिवशी केस मानेपर्यंत आले. आजी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ती स्वतः पार्लरमध्ये गेली. वाडीचा श्वास अडकला. आता तिथल्या मुलीची काही खैर नाही. आजीने तिला एवढंच विचारलं, ‘वेणी खंय?’ ती केराच्या डब्याशेजारी कागदात होती. आजीने ती घेतली, घरी आणून शिकेकाईने धुतली, सावलीत वाळवली आणि पांढऱ्या फडक्यात बांधून ट्रंकेत ठेवली. का, तर लग्नात खोपा घालायला लागेल. ‘घरचे केस आसताना विकतचा गंगावन कित्याक?’ हा ‘कित्याक’ चौथ्या प्रकारचा. त्यावर नातीलाही काही बोलता आलं नाही.

लोणच्याची गोष्ट मात्र मी प्रत्यक्ष पाहिलेली नाही, भिंतीपलीकडून ऐकलेली आहे. महिन्याचे ते चार दिवस या घरात अजून वेगळे मोजतात. पूर्वीसारखं कोपऱ्यात बसवत नाहीत, पण देवघरात जायचं नाही, आणि लोणच्याच्या बरणीला तर अजिबात हात लावायचा नाही. हात लागला की लोणचं नासतं, हे आजीचं शास्त्र. एका वर्षी मे महिन्यात कैरीचं लोणचं घातलं. पुढच्या मे महिन्यात बरणीच्या तळाशी चार फोडी राहिल्या असताना, सगळे पानावर बसलेले, हिने वाढता वाढता सांगितलं की गेलं वर्षभर दर महिन्याला त्या दिवसांत मी बरणीत बोट बुडवत होते. तारखा लिहून ठेवल्या आहेत, बघायच्या असतील तर दाखवते.

बापूस तोंडातल्या घासासकट उठला. नारळ मोजायला गेला असणार. आवस पाण्याचा तांब्या भरायला आत गेली, तिचे खांदे हलत होते म्हणतात. हसू होतं की रडू ते कळायला मार्ग नाही. आजीने पानातली फोड बाजूला सारली. दुसऱ्या दिवशीही लोणचं घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी नुसत्या पेजेबरोबर तोंडाला चव येईना तेव्हा तिने एक फोड घेतली, चोखली आणि निकाल दिला, ‘ह्या वर्साक मीठ जास्त पडला होता, म्हणान टिकला.’

मला वाटतं, हरायचं कसं हे त्या घरात आजीकडून शिकण्यासारखं आहे.

अभ्यासात पोरगी हुशार आहे, हे घरच्यांचं खरं दुखणं. नापास होत असती तर बोलायला जागा होती. 2012 साली कोकणाचं वेगळं विभागीय मंडळ झालं तेव्हापासून दहावीच्या निकालात कोकण राज्यात पहिलं येतं आणि मुली मुलांच्या पुढे असतात. हिने दहावीला भरघोस गुण मिळवले, बापसाने दुकानात पेढे वाटले, फोटो काढले. ते पेढे ती अजून वापरते. ‘तेव्हा नाय कोण म्हणाला, चेडू पुढे गेला तर लोक काय म्हणतले?’

श्रावणातला एक प्रसंग माझ्या अंगाशी आला. श्रावणात त्यांच्याकडे मासळी बंद. माझंही तसंच, पण माझं एकट्याचं घर, देवाचं आणि माझं आपापसात काहीतरी ठरलेलं. एका दुपारी ती आली, ओढणीतून एक सुका बांगडा काढला आणि चुलीतल्या निखाऱ्यावर ठेवला. आता ज्यांनी सुका बांगडा भाजलेला नाही त्यांना सांगतो: या वासाला दारंखिडक्या अडवू शकत नाहीत. तो गडग्यावरून जातो, माडाच्या झावळ्यांतून जातो, देवघरात घंटेच्या आतही शिरतो. पाच मिनिटांत आजी गडग्यापाशी. ‘काय रे, श्रावणात?’ मी म्हटलं, ‘काकी, चूक झाली.’ आत चुलीपाशी बसून चेडू बांगडा आणि भाकरी खात होतं आणि मी बाहेर उन्हात उभा राहून सोळा सोमवारांचं माहात्म्य ऐकत होतो. संध्याकाळी तिने मला अर्धा बांगडा आणून दिला. पानात गुंडाळून, शेपटाकडचा.

पण बंडखोर म्हणजे जुनं ते सगळं नको असं हिचं नाही. माझा आधी तसा समज होता. जत्रेतला दशावतार ती रात्रभर बघते, पहिल्या रांगेत, पहाटे राक्षस मरेपर्यंत. दशावतारात राण्या पुरुषच होतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. एका जत्रेत राणीचं काम करणारा नट फार देखणा होता. लुगडं असं चापूनचोपून नेसलेला की गावच्या बायका नाटक सोडून त्याच्या निऱ्या बघत होत्या. नाटक संपल्यावर ही सरळ रंगपटात. तो बिचारा मुकुट काढून, विडी पेटवून, लुगड्यातच पेटाऱ्यावर बसलेला. हिने विचारलं, ‘हा कासोटा सुटत कसा नाय?’ त्यानेही विडी बाजूला ठेवली आणि उठून दाखवलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तिच्याकडून करून घेतलं.

गणपतीत हिने नऊवारी नेसली. आवशीला जी कधी धड जमली नाही ती या पोरीने एकटीने, आरशाशिवाय. आजी तोंडावर हात ठेवून बघत राहिली.

‘कोणी शिकवल्यान गो?’

‘राणीन.’

‘खंयची राणी?’

‘मिशी काढलेली.’

असं हे. नेसवणारा पुरुष होता हे कळल्यावर घरात काय झालं असतं सांगता येत नाही, पण तोवर आरतीची वेळ झाली होती.

समुद्राची गोष्ट राहिली. आमचं गाव समुद्राकाठी आहे असं नकाशावर दिसतं. समोर पाण्यात सिंधुदुर्ग उभा आहे; 1664 साली महाराजांनी ज्या जागी त्याचं भूमिपूजन केलं तो मोरयाचा धोंडा किनाऱ्यावर आहे. पण आमच्या वाडीतल्या बायका समुद्र बघतात वर्षातून दोनदा. नारळी पौर्णिमेला आणि गणपती पोचवायला. हल्ली नारळी पौर्णिमेला बायकांच्याही नारळ लढवायच्या स्पर्धा होतात म्हणून तेवढा वेळ जरा जास्त. एरवी किनाऱ्यावर जाऊन बसणं हे रिकामटेकड्यांचं किंवा पर्यटकांचं काम. पर्यटक येतात, होडीत बसतात, किल्ला बघतात, तोंडात नळी घालून स्कुबा करतात, पॅराशूटला लटकून आरडाओरडा करतात. त्यांच्या बायका गुडघ्यापर्यंतच्या चड्ड्या घालून पाण्यात शिरतात आणि आमचीच माणसं त्यांना हात देऊन होडीत चढवतात, ‘जपून, ताई’ म्हणतात. त्यात कोणाला काही वाटत नाही. धंदा आहे. तीच चड्डी गावच्या चेडवाने घातली तर धंदा राहत नाही.

एसटी थांब्यावर पर्यटकांसाठी फलक आहे, ‘येवा, कोकण आपलाच आसा.’ त्याच्याखाली उभी राहून ती एकदा म्हणाली, ‘सगळ्यांचा आसा. माझा कधी होतला?’

पोहायला ती माझ्या विहिरीत शिकली. हे इथे पहिल्यांदाच कबूल करतो. नववीच्या उन्हाळ्यात, पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधून. आमच्याकडे सगळे झील असेच शिकतात, त्यात नवल काही नाही. मी काठावर पेपर वाचत बसायचो, म्हणजे पहारा द्यायचो. पहिल्या आठवड्यात ती इतकं पाणी प्यायली की मला विहिरीची पातळी उतरल्यासारखी वाटली. महिन्याभराने कॅन सुटला. पुढच्या वर्षी शाळेच्या खेळाच्या बाई चार मुलींना पहाटे चिवल्याच्या किनाऱ्यावर न्यायला लागल्या. पर्यटक उठायच्या आत जायचं आणि परतायचं. घरी सांगितलेलं होतं ‘जादा तास’. खोटं नव्हतं ते. मांगरात जीन्सच्या शेजारी आता आणखी एक पिशवी आली, कायम ओलसर. मी ती रोज उन्हात घालायचो आणि कोणी येताना दिसलं की वर माझा पंचा टाकायचो.

डिसेंबरात चिवल्याला समुद्रातल्या पोहण्याच्या स्पर्धा भरतात. बाहेरगावची मुलं गाड्या भरून येतात. हिने नाव घातलं. अर्जावर पालकाची सही हवी होती. तो कागद घेऊन ती माझ्याकडे आली आणि नुसती उभी राहिली. मी म्हटलं, ‘नाय बाय. विहीर माझी, सही माझी नाय.’ ती काही न बोलता गेली. त्या रात्री दार आपटलं नाही, म्हणून मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आवस तांदूळ काढायला गेली, डब्यात हात घातला आणि मुलीच्या हातात घडी केलेला कागद ठेवला. सही होती. कागदाला तांदळाचं पीठ लागलेलं. कागद मुलीने डब्यात लपवला होता की आवशीने, हे मला दोघींनीही सांगितलेलं नाही.

माझ्यावर कामगिरी होती आजीला त्या सकाळी अडकवून ठेवण्याची. मी पहाटेच जाऊन बसलो. रामेश्वराच्या देवळाचा विषय काढला, संधिवाताचा काढला, माझ्या मुंबईच्या चाळीतल्या लोकांची भांडणं काढली. आजी ऐकून घेत होती. मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, ‘चल, चिवल्यार कसली गर्दी आसा ती बघूया.’ पंचाहत्तरीची बाई. पायांत चपला सरकवून माझ्या आधी वाटेला लागली.

किनाऱ्यावर माणूसच माणूस. लाऊडस्पीकर, केशरी फुगे पाण्यात बांधलेले, रबरी टोप्या घातलेली डोकी पाण्यात खालीवर होतायत. कोणाचं कोण काही कळत नव्हतं. मी मनातल्या मनात देवाला नारळ बोललो. आजी पदर डोक्यावर घेऊन, कपाळावर हात धरून पाण्याकडे बघत होती. देवबागची माहेरवाशीण. एका अंगाला कर्लीची खाडी, एका अंगाला दर्या, अशा चिंचोळ्या पट्टीत जन्मलेली. हे मला अर्थातच माहीत होतं. पण त्याचा अर्थ काय होतो हे तोवर कधी मनात आलं नव्हतं.

‘ती बघ,’ ती एकदम म्हणाली. ‘ती पिवळ्या टोपीची. काय पवता रे ती बाई! हात बघ तिचो. लाट अंगार घेणा नाय, खालून जाता.’

मी बघितलं. आमच्या विहिरीत शिकलेला हात मी कुठेही ओळखला असता. डावा कोपर जरा जास्त वर जातो. कॅन त्या बाजूला घासायचा म्हणून लागलेली सवय.

‘काकी,’ मी म्हटलं, ‘ता तुमचाच चेडू.’

आजीने हात कपाळावरून काढला नाही. बराच वेळ काही बोललीही नाही. पिवळी टोपी शेवटच्या फुग्याला वळसा घालून किनाऱ्याकडे वळली तेव्हा म्हणाली, ‘आमच्या माहेराक सगळ्यांका पवाक येता.’

तिने आधीच ओळखलं होतं की नव्हतं, हा प्रश्न मला अजून पडतो. ओळखलं नसेल तर ‘ती’ चुकून आलं. ओळखलं असेल तर चुकून आलं नाही. विचारायची माझी छाती नाही.

पोरगी सातवी आली. बाहेर आली तेव्हा दात वाजत होते आणि समोर आजी बघून वाजायचे थांबले. आजीने डोक्यावरचा पदर घट्ट खोचला, माझ्या खांद्यावरचा पंचा ओढून घेतला, नातीच्या अंगाभोवती गुंडाळला आणि विचारलं, ‘नाकात पाणी गेला?’ एवढंच. मग घरी येईपर्यंत रस्ताभर चपला वाळूत भरल्याबद्दल मला बोलली. बापूस तोवर दुकानात पोचला होता. त्या दिवशी नारळ दोनदा मोजले म्हणतात. प्रमाणपत्रावर आडनावातली वेलांटी चुकलीय, ती दुरुस्त करून आण म्हणून आजी चार दिवस तगादा लावून होती. आता ते दिवाणखान्यात लावलं आहे, बापसाच्या सत्काराच्या फोटोशेजारी, जरा खाली.

यामुळे काही फार बदललं असं समजू नका. स्पर्धेच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी गडग्यावरून विचारलं, तर आजी म्हणाली, ‘ता अजून उठूक नाय.’ बारावीनंतर रत्नागिरी की मुंबई यावरून सध्या रोज रात्री दार आपटतं आहे. जीन्स अजून माझ्याच मांगरात आहे.

ओली पिशवी मात्र गेली. पोहायचे कपडे आता त्यांच्याच परसात, त्यांच्याच दोरीवर वाळतात. खाली ते आणि वर आजीचं लुगडं, रस्त्यावरून दिसू नये अशा बेताने. लुगडं आजी स्वतः वाळत घालते. ते सुकलं तरी काढत नाही. आधी खालचं सुकावं लागतं.